धर्म वेगळा, पण हळद तीच? – आपल्याच मुलखातली उदाहरणं

सदाफुली
ऑफिसात डबा खाताना वाद झाला म्हणून हा धागा काढतेय. एक सहकारी ठासून सांगत होता की धर्म बदलला की संस्कृती बदलते, खाणंपिणं, नावं, सणवार सगळं शेवटी धर्मच ठरवतो. मला काही ते पटलं नाही, पण तिथे मुद्दा नीट मांडता आला नाही.

माझ्या डोक्यात होते आपले बेने इस्राएल. रायगडातले ज्यू. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, वाचले ते तिथेच राहिले आणि तेलाचे घाणे चालवायला लागले, शनिवारी घाणा बंद म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. आडनावं बघा, पेणकर, रोहेकर, दिवेकर, झिराडकर, केहिमकर. लग्नाआधी मेंदी, गळ्यात मंगळसूत्र, बायका नऊवारीत. आणि तरी मुलाची सुंता आठव्या दिवशी, खवले नसलेला मासा घरात नाही, शेमाची प्रार्थना तोंडपाठ. पोथ्या नव्हत्या, हिब्रू जवळपास गेलेलं, एवढं मात्र धरून ठेवलं.

सणांची जुनी नावं तर मला फार आवडतात. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. बिरड्याचा सण म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या दुःखाचा दिवस, आणि त्या दिवशी ताटात काय, तर वालाचं बिरडं! पुरीम होळीच्या आसपास येतो म्हणून तो होळीचा सण. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या सणाची हग्गादा, म्हणजे त्या रात्री वाचायची पोथी, छापली, हिब्रू आणि मराठी दोन्ही, आणि चित्रातल्या बायका साडी नेसलेल्या.

तर मग ह्या लोकांची ओळख कशाने ठरते, शेमाने की बिरड्याने? तुमच्या घरातली, ओळखीतली उदाहरणं येऊ द्या. आणि प्लीज, राजकारण नको.

टिवल्याबावल्या
वाचतोय. राजकारण नको म्हणालीस ना, आता बघ चौथ्या प्रतिसादात येतं की नाही :)

कुपारी_पोर
आम्ही वसईचे, घरी कादोडी बोलतो. पोर्तुगीज १५३४ ला आले, १७३९ ला चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला, मधल्या दोनशे वर्षांत आमचे वाडवडील ख्रिस्ती झाले. आडनावं परेरा, रॉड्रिग्ज, कोरिया, तुस्कानो, पण बोली तीच जी इथल्या हिंदू सामवेदी ब्राह्मणांची, बांधावरून भांडायचं तरी कादोडीतच भांडणार. आमच्या आज्या लाल लुगडं नेसायच्या. वाडवळांचं पण तसंच, हिंदू वाडवळ आणि ख्रिस्ती वाडवळ.

वैताग कशाचा येतो सांगू, लोक आडनाव ऐकलं की पुढचं वाक्य इंग्रजीत टाकतात. अरे मराठीत बोल ना बाबा. आमची मिस्सा मराठीत होते. पूर्वी लॅटिन होती, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर म्हणजे १९६२-६५ नंतर लोकांच्या भाषा चर्चमध्ये आल्या. १९९८ ला वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला, त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे, त्यांनी डॉक्टरेट कुणावर केली होती माहितीये? तुकारामांवर! फादर दिब्रिटोंनी आख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, तरी २०२० ला उस्मानाबादच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा काहींनी नाकं मुरडलीच.

आणि फक्त धर्माने ओळख ठरत असती तर ईस्ट इंडियन हे नावच पडलं नसतं. मुंबई-साष्टीकडचे कॅथलिक, आणि गोवा-मंगलोरहून नोकरीसाठी आलेले, तेही कॅथलिकच. चर्च एक, प्रार्थना एक. पण नोकऱ्यांची स्पर्धा लागल्यावर इथल्यांना वाटलं आपण इथलेच हे साहेबाला कळलं पाहिजे, म्हणून १८८७ ला राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीच्या मुहूर्तावर संस्था काढली आणि हे नाव घेतलं. लग्नाच्या आधी विहिरीवरून वाजतगाजत उंबराचं पाणी आणतात, फुगे तळतात, बॉटल मसाल्याचं मटण. पाद्री त्यात कुठेच नसतो, पण पाणी आणलं नाही तर म्हाताऱ्यांना लग्न लागल्यासारखं वाटत नाही.

आमच्या घरात धर्म आणि रीत दोन्ही आहे, आणि बाहेरचा कोणी विचारेपर्यंत ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे डोक्यातही येत नाही.

घाटावरचा_गणू
वसई निघाली म्हणून सांगतो, त्या मोहिमेतून आणलेल्या चर्चच्या घंटा मेणवलीला आणि भीमाशंकरला अजून टांगलेल्या आहेत, गेलात तर बघा, भारी वाटतं.

पण वरची दोन्ही उदाहरणं वाचून मला तरी एकच दिसतं. मूळ संस्कृती हिंदूच आहे, वरून फक्त उपासनेचा थर बदललाय. मग हे सरळ मान्य करायला लोक का कचरतात?

टिवल्याबावल्या
चौथा म्हणालो होतो, तिसऱ्यातच आलं.

खाडीपलीकडे
गणूभाऊ, कचरत नाही, पटत नाही म्हणून मान्य करत नाही. मी दापोलीकडची, कोकणी मुसलमान. मूळ मूळ म्हणताना तुम्ही नेमके कोणत्या सालात जाऊन थांबता हे मला समजत नाही. कोकणच्या बंदरांत अरब व्यापारी शेकडो वर्षं येत जात होते, इथे राहिले, इथे लग्नं केली, म्हणून आम्ही शाफई पंथाचे आणि घाटावरचे मुसलमान हनफी पंथाचे. बघायला गेलं तर हा धर्माच्या आतला फरक, पण केला कुणी, समुद्राने. घरात बोलतो ती मराठीचीच एक बोली, फणसाच्या दिवसांत सांदणं, आडनावं परकार, मुकादम, तुंगेकर, दळवी. शाळा उर्दू. माझी आजी पाहुण्यांसमोर उर्दू बोलायचा प्रयत्न करायची तेव्हा आम्ही पोरं तोंडात पदर कोंबून हसायचो.

माहीमचे मखदूम फकीह अली माहिमी, चौदाव्या-पंधराव्या शतकातले मोठे विद्वान, अरबीत कुराणावर भाष्य लिहिणारे, त्यांच्या उरुसात पहिला मान मुंबई पोलिसांचा असतो. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत ओव्या-अभंग लिहिले. कडेगावला मोहरमचे उंचच्या उंच ताबूत निघतात त्यात हिंदूंचे पण ताबूत असतात. ह्यातला खालचा थर कुठला आणि वरचा कुठला, ते तुम्हीच वेगळं करून दाखवा.

पण आमच्याकडे सगळं गोडगोड चाललंय असं पण नाही. वडिलांच्या पिढीतले पुरुष कुवेत, दुबई, सौदीला गेले, पैसा आला, पक्की घरं झाली, आणि तिथून खरा धर्म कसा असतो ह्याच्या कल्पनाही आल्या. लग्नातली हळद बंद करा, बायकांची गाणी बंद करा, हे आपल्यात नसतं. नसतं काय, आजीच्या लग्नात होतं, आईच्या लग्नात होतं! चुलतभाऊ म्हणतो ही बिदत आहे, म्हणजे धर्मात मागाहून घुसडलेली गोष्ट, आई म्हणते ही रीत आहे, नमाज दोघंही चुकवत नाहीत. आता चुलतभावाच्या हातात किताब असते आणि आईकडे नुसती गाणी, त्यामुळे वादात दरवेळी तीच हरते.

सदाफुली
शेवटचं वाक्य वाचून थांबलेच. गाणी लिहून ठेव गं कुठेतरी.

खाडीपलीकडे
रेकॉर्ड केलीत. आई म्हणाली कुणाला ऐकवू नकोस.

निळीपहाट
धागा चांगला आहे पण वाचताना मी जरा अस्वस्थ झालो, स्पष्टच लिहितो. इथे प्रत्येकजण काय काय टिकलं हे आनंदाने सांगतोय. आमच्या घरात आनंद कशाचा आहे, तर काय काय सोडलं ह्याचा. तेही ह्या धाग्यात आलं पाहिजे.

१९२७ ला महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, स्वाभिमानाने जगा. ते मांस, गावाची मेलेली ढोरं ओढणं, येसकरकी, कुणाच्या मरणाचा सांगावा घेऊन उन्हातान्हात गावोगाव पळणं, पाठीवर आसूड ओढणारा पोतराज, मरीआईचा गाडा, ही पण "संस्कृती"च होती ना? पाचपन्नास पिढ्यांची. ती कुणाला जपावीशी वाटते का? १९३५ ला येवल्याला घोषणा केली की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि २१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरला धम्मदीक्षा. २२ प्रतिज्ञा एकदा बसून वाचा, त्यातल्या बऱ्याचशा काय करणार नाही ह्याच्या आहेत, श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही. म्हणजे इथे ओळख बदलायची म्हणूनच धर्म बदलला, अगदी उघड, ठरवून. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाख बौद्ध आहेत, देशातल्या एकूण बौद्धांच्या तीन चतुर्थांशापेक्षा जास्त. त्यामुळे आम्हाला कोपऱ्यातलं उदाहरण म्हणून मोजू नका.

दुसरं. मसाला टिकला, बोली टिकली, बरोबर. तशी जात पण टिकली, ती कुणी लिहिली नाही. गोव्याच्या ख्रिश्चनांत बामण, चारडो, सुदिर. बेने इस्राएलांत गोरे आणि काळे, आणि त्यांच्यात पूर्वी लग्नं होत नसत. धर्म बदलला, देव बदलला, पण लग्न ठरवताना जात आलीच. गणूभाऊंचा तो थर कदाचित हाच असेल.

आमच्यातलं पण सांगतो, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांवर बोट. लग्नात पांढरी साडी, बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, त्रिशरण पंचशील, सगळं रीतसर. आणि आदल्या रात्री हळद असतेच. मामी अजून मरीआईला गुपचूप नारळ पाठवते, पोराच्या हातात देते आणि सांगते मामाला बोलू नको. मामा बाहेर पारावर बसून २२ प्रतिज्ञा समजावत असतो.

कुपारी_पोर
जातीचं खरं आहे. मी ते लिहायला हवं होतं असं कुणी म्हणेल, पण आपल्या घरातलं बाहेर काढायला जीभ जड होते. आमच्याकडेही सोयरीक करताना सामवेदी, वाडवळ, कोळी बघतातच. आता पोरंपोरी स्वतः जमवतात म्हणून कमी झालंय.

मांडवीकाठ
मी गोव्याचा कॅथलिक, शाळा पुण्यात झाली म्हणून मराठी, काही चुकलं तर समजून घ्या. इन्क्विझिशनबद्दल, म्हणजे गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाबद्दल, कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो. १५६० ते १८१२. त्यात १७३६ चा एक हुकूम आहे, बाटलेल्या लोकांनी काय काय करायचं नाही ह्याची लांबलचक यादी. लग्नाला गाणी म्हणायची नाहीत, हळद वाटून लावायची नाही, दारात तुळस नको, पुरुषांनी पुडवें (धोतर) नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही, आणि मला सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट, भात मीठ न घालता शिजवायचा नाही! कारण हिंदू तसा शिजवतात. म्हणजे धर्माधिकारी लोकांच्या चुलीपर्यंत गेले होते, भाताच्या हंड्यात धर्म शोधत होते.

आणि एवढं करून झालं काय? माझ्या बहिणीच्या लग्नात आदल्या दिवशी रोस झाला, नारळाचं दूध अंगाला लावून न्हाणं, बायकांच्या ओव्या, आणि मामाच्या घरी चुडो भरला. पाद्री आला, आशीर्वाद दिला, जेवून गेला.

अजून एक. कुंकळ्ळीला १५८३ ला लोकांनी मिशनऱ्यांना मारलं, मग पोर्तुगीजांनी तिथल्या गावकरांना किल्ल्यात बोलावून मारलं. देवी शांतादुर्गा फातर्प्याला हलवली. आजही शिगम्याला फातर्प्याहून कुंकळ्ळीला रंगीत छत्र्यांची मिरवणूक येते, १२ वांगडांच्या, म्हणजे घराण्यांच्या, १२ छत्र्या, आणि त्या वांगडांमधले जे नंतर ख्रिस्ती झाले त्यांचे वंशजही येतात, कारण छत्री घराण्याची आहे. म्हापशाची मिलाग्रीस सायबीण आणि शिरगावची लईराई ह्या तर गोंयकारांना बहिणी बहिणीच, फेस्ताला आणि जत्रेला एकमेकींकडे भेट जायची असं सांगतात. एक देवी, एक मेरी, पण माहेर एकच.

@निळीपहाट, बामण-चारडो हे शंभर टक्के. काही गावांत चर्चच्या कॉन्फ्रारियात (मानाच्या मंडळात) कुणी बसायचं ह्यावरून जातीचे खटले चाललेत. १७३६ च्या यादीत हळद आहे, तुळस आहे, मीठ आहे. ह्या जातींना मात्र शेवटपर्यंत कुणी हात लावला नाही. राज्यकर्त्यांना ती सोयीची असणार.

निळीपहाट
हे शेवटचं तुम्ही लिहिलंत त्याबद्दल धन्यवाद. अळणी भात पाप आणि जात चालते, वा.

नेगेववासी
इस्राएलहून लिहितोय, सदाफुलीने आमचाच विषय काढलाय म्हणून. आईवडील साठच्या दशकात मुंबईहून आले. मुंबईत १७९६ पासून आमचं सिनेगॉग आहे, सॅम्युएल इझेकिएल दिवेकरांनी बांधलेलं, आणि १९३७ ला तर शहराचा महापौर आमचा होता, डॉ. ई. मोझेस, ज्यांच्या नावाचा वरळीकडे रस्ता आहे. कुणी आम्हाला कधी विचारलं नाही की तुम्ही ज्यू कशावरून. हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा विचारला गेला तो इथे, ज्यूंच्या देशात.

१९६२ ला इथल्या मुख्य रब्बींच्या कचेरीने आदेश काढला की बेने इस्राएलांपैकी कुणाला बाकीच्या ज्यूंशी लग्न करायचं असेल तर आधी त्याची आई, आजी, पणजी, जमेल तितकं मागे जाऊन चौकशी करायची. वडील सांगायचे, शनिवारी घाणा बंद ठेवून उपाशी राहिलेल्या माणसांच्या नातवंडांना कागद मागितले. १९६४ ला आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, प्रकरण संसदेत गेलं, तेव्हा कुठे रब्बींनी माघार घेतली. तर सहकाऱ्याला सांगा, धर्म ओळख देतो हे ठीक, पण त्या धर्माच्या दारात उभा असलेला माणूस तुम्हाला ओळखतो का हे पण बघावं लागतं.

आता गंमत ऐका. शेजारी मोरोक्कोचे ज्यू. त्यांच्याकडेही लग्नाआधी मेंदीचा मोठा सोहळा असतो. त्यामुळे आमची मेंदी इथे कुणाला परकी वाटलीच नाही, उलट दोन्हींची सरमिसळ होऊन माझ्या भाचीच्या लग्नात एका बाजूला त्यांची ढोलकी आणि दुसऱ्या बाजूला आमच्या मावशांची मराठी गाणी. मावशांनंतर कोण म्हणणार हा प्रश्न आहे, भाचीला मराठी कळतं, बोलता येत नाही. इथे मायबोली नावाचं मराठी नियतकालिक निघायचं, आमच्या घरी त्याचे अंक आहेत, वाचणारा मी शेवटचाच.

पण मलिदा टिकलाय. नवस फेडायला, लग्नाला, नव्या घराला, एलियाहू हनाबींच्या, म्हणजे प्रेषित एलियांच्या नावाने. तिकडे अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्यांच्या रथाची खूण मानतात, इथून भारतात जाणारे आवर्जून जाऊन येतात.

घाटावरचा_गणू
सगळं वाचलं. थर हा शब्द तुम्हाला नको तर राहू दे. पण मांडवीकाठच्या प्रतिसादावरून एक वाटतं, बंदी घातली म्हणूनच त्या गोष्टी इतक्या जिवाच्या झाल्या असतील. आमच्याकडे कुणी बंदी घातली नाही, तर हळद आता फोटोसाठी उरलीय, पिवळे कपडे, डीजे आणि ड्रोन. अळणी भाताचं आम्हाला काय पडलंय, पण उद्या सरकारने मीठ घालाच म्हटलं तर मी पहिला अळणी खाईन.

निळीपहाट
ह्यात तथ्य आहे गणूभाऊ. पण मला वाटतं यादी कोण करतो हे महत्त्वाचं. १७३६ ची यादी राज्यकर्त्यांनी वरून लादली. १९६२ ची रब्बींनी. खाडीपलीकडे यांच्या घरात ज्याच्या हातात किताब तो यादी करतो. ५६ साली लाखो लोकांनी उभं राहून, स्वतःच्या तोंडाने म्हटलं की हे हे सोडतो. त्यात जबरदस्ती नव्हती. म्हणून मी ते बाकीच्यांच्या रांगेत बसवणार नाही.

खाडीपलीकडे
मान्य, तरी एक विचारते, राग मानू नका. प्रतिज्ञा तुमच्या मामींनी पण म्हटल्या असतील ना? मग नारळ लपवून का पाठवावा लागतो? आमच्याकडे हळद लपवतात, तुमच्याकडे नारळ. दोन्हीकडे लपवणारी बाईच.

निळीपहाट
म्हटल्यात, मोठ्या आवाजात. राग नाही. तिला विचारलं होतं एकदा, तर म्हणाली बाबासाहेब बाप आहेत आणि मरीआई पोरांना ताप येतो तेव्हाची आहे. मामाच्या मते ही अर्धवट दीक्षा आहे. माझंही मत मामाच्याच बाजूने आहे, पण नारळ नेऊन देणारा पोरगा लहानपणी मीच होतो.

सदाफुली
@नेगेववासी मलिद्याची कृती टाका ना. इथे नेटवर प्रत्येकाची वेगळी आहे.

नेगेववासी
आमच्या घरची: पोहे धुऊन निथळायचे, ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम-पिस्ते-मनुका, हाताने मोकळं कालवायचं. परातीत ढीग करून वर फळं मांडायची, पाच प्रकारची तरी हवीतच. प्रार्थना झाल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. आई गूळ घालायची, मावशी साखर, ह्यावर त्यांचा समझोता कधी झाला नाही.

खाडीपलीकडे
आमच्याकडे दर्ग्यात नियाजला मलिदा असतो! पण पोह्यांचा नाही, पोळ्या कुस्करून तूप आणि गूळ. नाव तेच, परात तीच. गणूभाऊ, हा कुणाचा धरायचा?

घाटावरचा_गणू
आधी दोन्ही खायला घाला, मग वाद घालतो. गुळाचा आधी.